पारिजातक अंगणाबाहेरही लावावा

पारिजातक म्हटला की अंगणातील फुलांचा सडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पूजेची परडी व सत्यभामा-रुक्मिणीची कथा यांपलीकडे या झाडाचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः हे झाड मूळचे अंगणातले नव्हे. हिमालयाच्या पायथ्यापासून गोदावरीपर्यंतच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर ते आपोआप वाढते. गावच्या बरड माळावरही त्यास जागा मिळावयास हवी.

याचे मुख्य कारण म्हणजे शेळी. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोपे लागतात आणि कुंपण नसेल तेथे त्यांतील पुष्कळशी शेळ्यांच्या पोटात जातात. पारिजातकाचे पान इतके खरखरीत असते की पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करण्यास ते वापरीत. अशा पानाकडे शेळी सहसा वळत नाही. ज्यांस चाऱ्याचे झाड हवे, त्यांनी मात्र याच्या वाटेस जाऊ नये.

यापासून पैसा मिळेल असेही कोणी सांगू नये. सायंकाळी उमललेले फूल पहाटे गळते व दुपारपर्यंत कोमेजते. दूरच्या बाजारात ते पोहोचणार कसे? त्याचे मोल गावातच आहे. जमिनीवर पडलेले फूल देवास वाहू नये, हा सर्वसाधारण नियम. पारिजातकास तेवढी सूट आहे. चातुर्मासात लक्ष फुलांची लाखोली वाहणाऱ्या स्त्रियांस हे झाड फांदीला हात न लावता फुले पुरविते. फुलांचे केशरी देठ वाळवून त्यांच्या रंगात रेशीम रंगवीत. हा रंग लवकर विटतो. तुरटी अथवा लिंबाचा रस घातल्यास काहीसा अधिक टिकतो.

पानांचा कडू काढा तापावर घरोघर देतात. तो देण्यास हरकत नाही. परंतु त्यावर विसंबून हिवतापाची रक्ततपासणी टाळणे हे अक्षम्य होय. कार्यकर्त्यांनी हे स्पष्ट सांगावयास पाहिजे.

लागवडीस खर्च नाही म्हटले तरी चालेल. चपट्या, गोल फळात दोन बिया असतात. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारातील झाडाची वाळून तपकिरी झालेली फळे आधीच गोळा करून ठेवावीत, म्हणजे मृगाच्या पावसावर बी टोकता येते. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी मिळाले तर रोप तग धरते.