निवृत्तीचे वय ठरवताना शरीरालाही विचारा

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८वरून ६० करावे, ही मागणी जुनी आहे. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९९८मध्येच ६० वर्षे केली. या वादात एक बाजू अनुभवाचे मोल सांगते, दुसरी बेरोजगार तरुणांकडे बोट दाखवते. शरीर काय म्हणते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. वयानुसार घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते. शब्दसंपदा आणि अनुभवातून आलेली समज मात्र साठीतही सहसा टिकून असते. म्हणजे धुळ्यातला एखादा लेखापाल ५८व्या वर्षी घरी बसतो, तेव्हा त्याच्या कामाला लागणारी क्षमता बहुधा शाबूत असते. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे जड घड खांद्यावर वाहणाऱ्या मजुराची कंबर आणि गुडघे त्याच्या कितीतरी आधी बोलू लागतात. त्यात खान्देशातला मे महिना. पारा ४४-४५ अंशांवर. या मजुराला निवृत्तीचे वयच नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळायचे तर वय ६५ हवे, शिवाय उत्पन्नाची अट आहेच. ज्याचे शरीर आधी थकते, त्याला आधार सर्वांत उशिरा मिळतो.

म्हणून सर्वांना एकच आकडा लावण्यापेक्षा वय कामाच्या स्वरूपाशी जोडणे शहाणपणाचे. बैठ्या कामात इच्छा आणि आरोग्य तपासणी पाहून साठीनंतरही काम द्यावे. पण कमी तासांचे आणि पद न अडवणारे, म्हणजे तरुणांची वाट बंद होणार नाही. अंगमेहनतीच्या कामात पन्नाशीनंतर ओझे कमी करावे, उन्हाळ्यात दुपारची सुट्टी द्यावी आणि निवृत्तिवेतन निदान साठीपासून सुरू करावे.

शेतमजुरांची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण विखुरलेल्या हमालांसाठी महाराष्ट्रानेच १९६९मध्ये माथाडी कायदा केला. त्यातील मंडळांमुळे हमालांची नोंदणी झाली, भविष्य निर्वाह निधीची सोय झाली. ओझे वाहणाऱ्या एका वर्गासाठी जे जमले, ते केळी आणि कपाशीच्या मजुरांसाठी अशक्य नाही. निवृत्तीची पुढची चर्चा मंत्रालयाबरोबर या बांधावरही व्हायला हवी.