पाण्याबरोबर उजनीचा मासाही तपासा

उजनी धरणाच्या प्रदूषणाचा विषय निघाला की जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), कोलिफॉर्म जिवाणू आणि फार तर जलपर्णी, एवढ्यावर चर्चा आटोपते. ही मोजमापं सांडपाण्यासाठी योग्यच आहेत. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इंदापूर तालुक्याच्या काठावरच्या फुगवट्यात येतं, तेव्हा त्यात नुसता मैला नसतो. चिवट फ्लोरिनयुक्त रसायनं, म्हणजे ‘पीफास’, नॉनस्टिक भांड्यांपासून जलरोधक कापडापर्यंत आणि आग विझवण्याच्या फेसापासून क्रोम प्लेटिंगपर्यंत वापरली गेली आहेत. शहरात आणि औद्योगिक पट्ट्यात ती वापरली की धुवण-पाण्याबरोबर वाहून येतात. कार्बन-फ्लोरिनचा बंध जिवाणूंना सहसा तोडता येत नाही. म्हणून नेहमीचं मैलाशुद्धीकरण केंद्र त्यांच्यापुढे हात टेकतं. उलट काही मूळ संयुगं तिथेच अर्धवट मोडून पीएफओएस, पीएफओए यांसारखी जास्त टिकाऊ रूपं घेतात, आणि मग बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांचं प्रमाण आत आलेल्यापेक्षा जास्त भरतं.

माझं म्हणणं एवढंच, की हे विष शोधायचं तर पाण्याइतकाच मासाही तपासायला हवा. डीडीटी चरबीत साठतं. पीएफओएस रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे चरबी काढून टाका किंवा मासा कडकडीत तळा, ते जात नाही. ते किती साठतं, याचा हिशेब युरोपीय संघाच्या 2013च्या निकषांतच दिसतो. नदी-तलावाच्या पाण्यात पीएफओएसची वार्षिक सरासरी मर्यादा लिटरमागे 0.65 नॅनोग्रॅम, तर माशात किलोमागे 9.1 मायक्रोग्रॅम, म्हणजे 9,100 नॅनोग्रॅम. पाण्यात एक असेल तर माशात चौदा हजार, हे गृहीत धरूनच ही जोडी ठरलेली आहे. पाण्याच्या नमुन्यात जे यंत्राला जेमतेम सापडेल, ते चिलापीच्या किंवा मरळीच्या यकृतात ठळक दिसेल. पुढे 2020 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पीएफओएससह अशा चार रसायनांची मिळून माणसासाठी आठवड्याची मर्यादा वजनाच्या किलोमागे 4.4 नॅनोग्रॅमवर आणली. साठ किलोच्या माणसाला 264 नॅनोग्रॅम. म्हणजे 2013च्या मर्यादेच्या अगदी काठावर बसणारा मासासुद्धा 29 ग्रॅममध्ये आठवड्याचा वाटा संपवतो. उजनीकाठच्या भिगवणच्या मच्छी थाळीतला एक तुकडा बहुधा त्याहून मोठाच असतो. मासा निदान कल्ल्यांवाटे यातलं काही परत पाण्यात सोडतो. हवेत श्वास घेणाऱ्या बगळ्याला, पाणकावळ्याला आणि माणसाला ती सोय नाही. माणसाच्या शरीरातलं पीएफओएस निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो मच्छीमारांच्या बाजूने, आणि तो रास्त आहे. उजनीच्या माशाबद्दल एक वावडी उठली की भाव कोसळतो आणि भोगतो जाळं टाकणारा, ज्याने एक थेंबही रसायन सोडलेलं नाही. पण वावडीला आकड्याशिवाय उत्तर कसं देणार? मासा स्वच्छ निघाला तर तोच कागद बाजारात दाखवता येईल, आणि नाही निघाला तर भरपाई कोणाकडून मागायची हे कळेल. दुसरा आक्षेप उद्योगांचा: जुनी लांब साखळीची रसायनं जाऊन आता आखूड साखळीची आली आहेत आणि ती माशात कमी साठतात. खरं आहे, पण ती पाण्यात जास्त सहज फिरतात, कोळशाच्या गाळणीतून लवकर निसटतात आणि पिकांच्या पानांत चढतात. फुगवट्यातून पाणी उचलून ऊस आणि चारा पिकवणाऱ्या इंदापूरकराला हा दिलासा कसा वाटावा? नीरा-कऱ्हेच्या काठच्या बारामतीकरानेही हाच प्रश्न आपल्या नदीबद्दल विचारावा.

हे सगळं युरोपचं दुखणं, असंही म्हणता येणार नाही. इटलीतल्या त्रिस्सिनो इथला मितेनी कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला; त्याच्यामुळे व्हेनेतो प्रांतातलं भूजल नासलं, आणि जून 2025 मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली. यंत्रं आली, पण त्यांच्यासोबत तिथले निकष आले नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस 10500 या 2012च्या मानकात पीफासची मर्यादाच नाही, आणि मर्यादा नसेल तर प्रयोगशाळेला ते शोधण्याचं बंधनही नाही.

तपासणी महाग आहे, हे मान्य. म्हणूनच रोज पाणी उपसून पाहण्यापेक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भिगवण, पळसदेव आणि नीरा नरसिंहपूर इथले मोजके मासे तपासावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने ते काम वाटून घ्यावं, खर्चाचा वाटा वरच्या अंगाच्या दोन्ही महापालिकांकडून घ्यावा, आणि आकडे मराठीत, मच्छी बाजाराच्या फलकावर लावावेत.