दुव्यामागे शिक्षक हवा

शाळेने पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री नऊ वाजता एक दुवा पाठवावा आणि ‘हा व्हिडिओ पाहून उद्या उत्तरे लिहून आणा’ असे फर्मावावे, हे आता अनेक घरांच्या परिचयाचे झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत निकडीपोटी रूढ झालेली ही रीत निकड सरल्यावरही टिकली. प्रकाशसंश्लेषणाची दहा मिनिटांची चित्रफीत संपते, यूट्यूब स्वतःहून पुढची सुरू करते आणि तासाभराने मुलगा क्रिकेटच्या षटकारांत रमलेला आढळतो. आई त्याच्यावर रागावते. परंतु दुवा पाठवला की अध्यापन झाले, अशी समजूत करून घेणाऱ्या शाळेचा त्यात काहीच दोष नाही काय?

‘मोबाईलच काढून घ्या’ हा सोपा उपाय लगेच सुचविला जातो. ऑस्ट्रेलियाचा दाखलाही दिला जातो. त्या देशाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, हे खरे. मात्र तेथेही शिक्षकाने वर्गात चित्रफीत दाखविण्यास आडकाठी नाही. हा भेद आपल्याकडील चर्चेत हरवतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबविली. यंत्र नवे होते, पण कोणत्या पानापाशी काय दाखवायचे हे शिक्षकाने ठरविले होते. सारे मर्म तेथे आहे.

ग्रंथालयांची कथा याहून निराळी नाही. तालुक्याच्या गावातील अभ्यासिकेत डोकावून पाहावे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी कानांत इअरफोन घालून राज्यघटनेवरील व्याख्याने ऐकत असतात आणि शेजारचे कपाट कुलूपबंद असते. आता आपली गरज उरली नाही, अशी खंत ग्रंथपालाच्या मनात येते. वस्तुतः कोणते व्याख्यान अभ्यासपूर्ण आणि कोणते शिकवणी वर्गाची निव्वळ जाहिरात, हे सांगू शकणारा जाणता माणूस त्या खोलीत तोच असतो! त्याने निवडक चित्रफितींची यादी फलकावर लावावी आणि प्रत्येकीपुढे त्याच विषयावरील आपल्या कपाटातील पुस्तकाचा क्रमांक लिहावा. खर्च एका कागदाचा. गावातील व्याख्यानमालाही वक्त्यांच्या संमतीने ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवता येतील. आजवर किती उत्तम भाषणे सभागृहातच विरून गेली!

एका गोष्टीत मात्र उत्साहाला आवर हवा. स्नेहसंमेलनाची, बक्षीस समारंभाची छायाचित्रे मुलांच्या नावांसह, इयत्तेसह फेसबुकवर टाकण्याची चढाओढ शाळांमध्ये लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. जाहिरात शाळेची होते, पण माहिती जगजाहीर होते ती मुलाची. हे भान कायद्याने शिकवण्याची वेळ यावी, हे शिक्षणसंस्थांना भूषणावह नाही.

पालकांनी पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करावी. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात पाठविलेल्या चित्रफितींपैकी किती चित्रफिती वर्गशिक्षकांनी स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत पाहिल्या होत्या?