पऱ्हाटीला भाव आला, तर चुलीचं काय?

बायोडिझेलची चर्चा आपल्याकडे तेल कुठून आणायचं इथेच अडकते. त्यानंतरच्या शुद्धीकरणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्या वस्त्यांचा संबंध मात्र तिथेच येतो.

वापरलेल्या तेलात मिथेनॉल आणि सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं की बायोडिझेल तयार होतं आणि ग्लिसरीन खाली बसतं. वर साबण, मिथेनॉल आणि थोडं ग्लिसरीन उरतंच. भारतीय मानकानुसार (आयएस १५६०७) मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणून बायोडिझेल पुन्हा पुन्हा पाण्याने धुतात. ज्या छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तिथे हे परवडणार आहे का? आणि ते साबणाचं पाणी नाल्यात सोडलं, तर भोगणार नाल्याकाठची वस्तीच.

संशोधक यावर एक मार्ग तपासत आहेत. पऱ्हाटी किंवा उसाच्या चिपाडातील सेल्युलोजच्या तंतूंवर सायट्रिक आम्लासारख्या पदार्थाची प्रक्रिया करायची. मग ते तंतू साबणातलं सोडियम पकडतात, ग्लिसरीनही धरून ठेवतात. बायोडिझेल त्यातून गाळलं की धुण्याचं पाणी वाचतं. कारखान्यांत हेच काम महागडे रेझिन करतात. तंतूंचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

सरकारला बायोडिझेल हवंच आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आहे. म्हणजे मागणी वाढली, की पऱ्हाटीलाही भाव येईल.

पण सिल्लोड, कन्नड, पैठणकडे पऱ्हाटी हा 'कचरा' नाही. वेचणी संपली की भूमिहीन बाया शेतातून ती मोळीने आणतात. सिलिंडर घरात असला, तरी तो भरायला पैसे लागतात. पऱ्हाटी विकली जाऊ लागली, तर शेतकरी ती फुकट का देईल? चार पैसे शेतमालकाला मिळतील आणि सरपण मजुराच्या घरातून जाईल.

दुसरा प्रश्न कामाचा. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. ते शोषलेले तंतू हाताळणार कोण? घाणीचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हा इतिहास आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

म्हणून विज्ञानाला विरोध नको, अटी हव्यात. पऱ्हाटी गोळा करण्याचं काम भूमिहीन महिलांच्या बचत गटांना मिळावं. सरपण जाणाऱ्या घरांना पर्यायी इंधन मिळावं. कामगारांना हातमोजे, हवेशीर जागा आणि विमा मिळावा. वापरलेल्या तंतूंची विल्हेवाट लेखी ठरावी.

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं. इथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा विषय प्रकल्पासाठी घ्यावा आणि कार्यकर्त्यांनी वरच्या अटी ग्रामसभेत मांडाव्यात. कारखाना उभा राहिल्यावर मागणी करण्यापेक्षा करार होण्याआधी बोललेलं बरं.