आखाजीच्या आधी जट सोडवा

चैत्र लागला की खानदेशातले रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरून जातात. जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे, शिरपूर इथून माणसं ऊन अंगावर घेत सप्तशृंगगडाकडे निघतात. धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते. या गर्दीत काही बायांचा पदर कपाळावर जरा जास्तच ओढलेला असतो. त्याखाली जट असते. आणि एखादी आई आपल्या पोरीला सोबत घेऊन आलेली असते, कारण तिच्या केसांत पहिली गाठ दिसलीय आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलंय, ‘देवी आलीय, हात लावू नका.’

हे आवाहन त्या आईला आहे. माय, त्या गाठीला आजच हात लाव. ती अजून मऊ आहे. खोबरेल तेल चोळ, बोटांनी हळूहळू मोकळी कर, मग रुंद दातांची फणी खालच्या टोकापासून वर ने. आज अर्ध्या तासात सुटणारी गाठ सहा महिन्यांनी कात्रीशिवाय निघणार नाही, आणि तोवर तिच्याभोवती हळद-कुंकू, नवस आणि भीती इतकी साचलेली असेल की कात्री हातात धरायला घरातलं कुणी धजणार नाही.

जट कशी होते ते समजून घेऊ. प्रत्येक केसावर अतिशय बारीक खवले असतात. तेल, घाम आणि धूळ साचली, बरेच दिवस फणी फिरली नाही, की हे खवले एकमेकांत अडकतात. ओली लोकर मळली की घोंगडी घट्ट होते, तसे केस एकजीव होतात. बाई टायफॉइडमधून उठलेली असते, बाळंतीण असते, कापूस वेचून थकलेली असते, किंवा मनानं इतकी खचलेली असते की विंचरायचं भान राहत नाही. जिथे प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथे तिनं केस कशानं धुवायचे? कुरळ्या, कोरड्या केसांत गुंता आणखी लवकर होतो. यात त्या बाईचा दोष नाही आणि कुठल्या देवीची निवडही नाही.

वैद्यकात याला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात. नावातच पोलंड आहे. त्या देशात शेकडो वर्षं लोक हेच म्हणत होते की जट कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, मरेल. 19व्या शतकात क्राकोव शहरातले डॉक्टर युझेफ डीटल यांनी हा अस्वच्छतेतून होणारा गुंता आहे असं ठामपणे सांगितलं आणि जटा कापायला लावल्या. जटा गेल्या, माणसं जगली. तिथे ही भीती कधीच मागे पडली, आणि आपल्याकडे पोरीच्या जटेला आजही हळद-कुंकू वाहिलं जातं.

या पूजेची किंमत कोण मोजतं? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात न वाळणारं, घामानं भिजलेलं ओझं डोक्यावर घेऊन बाई केळीच्या बागेत राबते. आत उवा होतात, बुरशी होते, मुळाशी जखमा होतात आणि वास येतो म्हणून लोक लांब बसतात. मान दुखते. रात्री सरळ झोपता येत नाही. पोरीच्या डोक्यात जट असेल तर तिची शाळा सुटते, लग्न ठरत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात तर जट आली म्हणून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. 2009 सालचा ‘जोगवा’ चित्रपट पाहिलेल्यांना त्यातली सुली आठवत असेल. आता 2005 च्या कायद्यानं देवदासी म्हणून समर्पण करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण ज्या भीतीनं आईबाप पोर सोडून देत होते ती भीती कायद्याच्या कागदानं आपोआप जात नाही. तिला घराघरांत जाऊन हात घालावा लागतो.

हे काम आपल्याकडे चालू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी बोलतात, त्यांची संमती मिळवतात आणि जट सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचा पूर्वी ब्युटी पार्लरचा व्यवसाय होता. त्यांनी आपलं ते कसब या कामाला लावलं आणि शेकडो बायकांना जटेतून मोकळं केलं. त्यांपैकी कुणावर देवीचा कोप झाला नाही.

कुणी म्हणेल, अमेरिका-आफ्रिकेतल्या काळ्या बायका तर हौसेनं जटा ठेवतात, मग आमच्याच बायकांच्या मागे का लागता? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही सरळ आहे. त्यांचे केस जन्मतः दाट कुरळे असतात. त्या केसांची लाज वाटावी म्हणून त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दडपण आणलं गेलं. लुइझियानात 1786 मध्ये स्पॅनिश गव्हर्नरनं काळ्या बायकांना केस फडक्यानं झाकायला लावणारा हुकूम काढला. 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका शाळेतल्या मुलींना आपले नैसर्गिक केस तसेच ठेवता यावेत म्हणून आंदोलन करावं लागलं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियानं केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. त्या बायका आपल्या बटा धुतात, वळतात, जोपासतात आणि नको वाटल्या तर कापतात. ठरवणारी ती बाई स्वतः असते. आपल्याकडच्या जटेबद्दल घरचे ठरवतात, भगत ठरवतो, गाव ठरवतं. जिच्या डोक्यावर ओझं आहे तिला कुणी विचारतही नाही. त्यांचा लढा आणि आपला लढा एकाच बाजूचा आहे.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीनं सांगते. जट काढायच्या नावाखाली कुणा बाईवर जबरदस्ती करू नका. चार जणांनी धरून कात्री चालवणं हाही अत्याचारच आहे. आधी तिच्याशी बोला, पुन्हा बोला, घरच्या मोठ्या मायला समोर बसवून बोला. तिच्या मनातली भीती खरी आहे, तिला हसू नका. तिच्या हो म्हणण्याची वाट पाहा. जट काढताना मोबाइलवर व्हिडिओ करू नका. ती रडत असते, तिचा चेहरा गावाच्या ग्रुपवर फिरवायचा हक्क कुणालाही नाही. आणि कुरळ्या केसांच्या पोरीला ‘झिपरी’ म्हणणं आजपासून बंद करा. तिला तिचे केस ओले असताना, तेल लावून, टोकापासून विंचरायला शिकवा.

आपल्या भागातल्या पार्लर चालवणाऱ्या भगिनींना आणि नाभिक बांधवांना माझी खास विनंती आहे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, म्हणून त्या नकाराला वजन आलं. आज तुमच्या हातात कात्री आहे. महिन्यातून एक दिवस जटेसाठी राखून ठेवा, पैसे घेऊ नका, दुकानाबाहेर तशी पाटी लावा. बाई बुवाकडे जाण्याआधी तुमच्याकडे येईल.

आशाताई आणि अंगणवाडीताईंनो, घरभेटीत डोकंही बघत जा. शिक्षकांनो, एखादी मुलगी अचानक ओढणी डोक्यावरून काढेनाशी झाली तर तिच्या आईला भेटा. मुळाशी जखमा असतील तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखवा. मनाचा आजार वाटत असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोला.

आणि कुणी भगत-बुवा ‘जट काढलीस तर घर उजाड होईल’ असं धमकावत असेल तर गप्प बसू नका. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं आणि आपलं न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यात द्या किंवा 112 वर कळवा. मुलगी अल्पवयीन असेल तर 1098, बाईला आधार हवा असेल तर 181.

आखाजीला लेकी माहेरी येतील. झोके बांधले जातील, सांजोऱ्या होतील. त्याआधी आपल्या घरात, गल्लीत, भावकीत कुणाच्या डोक्यात जट आहे ते आठवा, आणि या आठवड्यातच तिच्याकडे जाऊन बसा.