गुपित राखतो तोच मित्र

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक माउली आपल्या १७ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सोबत थोरला मुलगा. मुलगा चळवळीतला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे असणारा. तक्रार अशी की, मुलीचे वर्गातल्याच एका मुलीशी प्रेम जुळले आहे. भावाने तिला मारले, मोबाईल काढून घेतला, कॉलेज बंद केले आणि स्थळे पाहायला सुरुवात केली. "साहेब, हिला यातून सोडवा," माउली म्हणाली.

मायलेकांना बाहेर बसवून आम्ही आमच्या सहकारी वकील ताईंच्या समक्ष मुलीशी बोललो. तीही म्हणाली, "सर, मला यातून सोडवा." पण तिचे 'यातून' वेगळे होते. ती मैत्रीण रोज हिचा मोबाईल तपासायची. पासवर्ड घेऊन ठेवलेला. दुसऱ्या कुणाशी बोललेले तिला खपत नसे. भांडण झाले की नस कापण्याची धमकी द्यायची. आणि ही दूर होऊ लागली की, "तुझ्या भावाला सगळे सांगेन." शेवटी तिने सांगितलेच. "मला ती आवडते, सर. पण तिची भीतीही वाटते," एवढे बोलून मुलगी रडू लागली.

बंधू-भगिनींनो, या धमकीत एवढी ताकद कुठून आली? वर्षभर ही मुलगी छळ सोसत राहिली, कारण छळ सांगायचा तर आधी प्रेम सांगावे लागणार होते. आणि त्या प्रेमाला घर आणि वस्ती पाप समजते. धमकीचे हे हत्यार त्या अल्पवयीन मैत्रिणीने घडवलेले नाही. ते आपण घडवले आणि तिच्या हाती दिले.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, चळवळीचा याच्याशी काय संबंध? त्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देतो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्यांचा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली ती बाबासाहेबांनी! खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी हा विषय वकिलीला कमीपणा आणणारा मानला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटना समितीत जी संवैधानिक नैतिकता सांगितली, तिचाच आधार घेऊन ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. मग आपल्याच घरात मनूची नैतिकता कशासाठी?

भावाचे म्हणणे होते, "त्या मुलीवर केस टाका." आम्ही त्याला सांगितले, तीही १७ वर्षांची आहे, कायद्याने तीही बालकच. तिच्या घरी बाप आईला कुणाशी बोलू देत नाही. प्रेम म्हणजे पहारा, हेच ती पाहत वाढली. तिचे वागणे चुकीचे आहे, ते थांबलेच पाहिजे. पण त्यासाठी दोघींनाही समुपदेशकाची गरज आहे. गुन्ह्याचेच बोलायचे तर बहिणीला मारणे हा गुन्हा आहे. आणि १८ वर्षांखालील मुलीचे लग्न लावाल तर २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तुम्हाला सोडणार नाही. राहिला 'इलाज'. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले आहे. तेव्हा डॉक्टर नको आणि भोंदू बाबा तर मुळीच नको.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला खरा मित्र आणि मित्राचे सोंग घेतलेला शत्रू यांतला फरक समजावला आहे. खरा मित्र आपले गुपित आपल्याला सांगतो, आपले गुपित राखतो आणि संकटात साथ सोडत नाही. हीच कसोटी आमच्या मुलामुलींनी लावावी, जोडीदार मुलगा असो वा मुलगी. तुला 'नाही' म्हणता येते का? इतर मित्र राखता येतात का? तुझे गुपित तुझ्यावरच उगारले जाते का? आईबापांनीही 'कुणावर प्रेम करतेस' या आधी 'भीती वाटते का' हे विचारावे. विहारातल्या रविवारच्या वर्गात हे बोलले गेले पाहिजे. घरात बोलणे शक्यच नसेल, तर मुलांना १०९८ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे, हे तरी त्यांना माहीत हवे.

ती मुलगी सध्या मावशीकडे राहून बारावीचा अभ्यास करते आहे. त्या मैत्रिणीशी संबंध तिने स्वतःच्या निर्णयाने थांबवला. भाऊ मात्र अजून तिच्याशी बोलत नाही. त्याला आमचे एवढेच सांगणे आहे : बाबा रे, तुझ्या बहिणीला त्या मैत्रिणीपेक्षा तुझी भीती जास्त वाटत होती. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे होण्याआधी मावशीच्या घरी जाऊन ये.