पाच किलो तांदूळ आणि आळसाचा आरोप

रोवणीचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: रेशनचे धान्य फुकट मिळू लागले आणि मजूर आळशी झाले. तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परे वेळेत लागले नाहीत तर धानाचे उत्पन्न घटते. पण या अडचणीतून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि घातकही. गरिबी हा गरिबाच्या स्वभावाचा दोष ठरला, की ती हटवण्याची जबाबदारी समाजाच्या अंगावरून आपोआप उतरते.

आधी हिशेब पाहू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला हे 170 ग्रॅमही भरत नाही. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईचे त्यात पोटही भरत नाही. मग तेल, डाळ, औषध, मुलांच्या वह्या आणि विजेचे बिल कशातून भागवायचे? मजूर मिळत नाहीत, कारण पाऊस जमला की गावोगावची रोवणी त्याच काही आठवड्यांत उरकायची असते. हंगाम सरला की तेच हात काम शोधत फिरतात. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजना तपासल्या. मदतीमुळे लोकांनी काम सोडल्याचा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही.

महाराष्ट्राला तर यासाठी परदेशी दाखल्याचीही गरज नाही. 1972 च्या दुष्काळात सरकारने कामे काढली, तेव्हा मे 1973 च्या उन्हात सुमारे 50 लाख माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला उभी होती.

दुसरा आरोप अधिक सभ्य भाषेत केला जातो: गरीब लोक निर्णय चुकीचे घेतात. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्यांना तशाच बौद्धिक चाचण्या दिल्या गेल्या. टंचाईच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली होती. माणसे तीच होती. पैशाच्या घोराने त्यांचे डोके व्यापले होते. धानाचेही तसेच. 2024-25 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. पण सावकार दारात असेल तर खरेदी केंद्रावर नंबर लावून पैशाची वाट पाहणे परवडत नाही, आणि धान कमी भावाने व्यापाऱ्याकडे जाते. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मग गरिबी म्हणजे काय? तेंडुलकर पद्धतीने 2011-12 साठी ग्रामीण भारताची दारिद्र्यरेषा माणशी महिना 816 रुपये होती. अशी रेषा मोजणीला उपयोगी पडते, पण आघात आला तर सावरायला घरात काय आहे, हे ती सांगत नाही. ते कारध्यात कळते.

भंडारा शहराला लागून, वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. नदीची पातळी कारध्याच्या पुलापाशी मोजली जाते, त्यामुळे पावसाळ्यात जिल्ह्याचे लक्ष तिथल्या आकड्याकडे असते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या अतिवृष्टीने आणि तिथल्या संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला. असे पाणी पगारदाराच्या घरात शिरले तर फर्निचर खराब होते, महिनाभर ओढाताण होते. मजुराच्या घरात शिरले तर साठवलेले धान्य, शेळी आणि रोजगाराचे दिवस एकदमच जातात, कर्ज होते, आणि त्या कर्जापायी एखाद्या मुलीची शाळा सुटते.

काही वेळा गरिबी सरकारी निर्णयातूनच जन्मते. याच नदीवर खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. राजीव गांधींनी 1988 मध्ये त्याची पायाभरणी केली. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे 1200 कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले ते 2013 मध्ये, पंचवीस वर्षांनी. तेवढ्या काळात एक पिढी म्हातारी होते. धरणात धानाची बांधी गेलेला शेतकरी मजुरांच्या रांगेत येतो, तेव्हा आधीच रांगेत असलेल्यांचीही मजुरी दबते. झळ अशी साऱ्या गावाला लागते.

दारू आणि लग्नातली उधळपट्टी गरीब घरांतही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती श्रीमंत घरांतही आहे. तिथे तिच्यापायी मुलांची शाळा सहसा सुटत नाही.

उपाय याच राज्याने शोधला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. 2005 चा केंद्रीय कायदाही त्याच वाटेने आला. त्या तत्त्वाची अंमलबजावणी आज काटेकोर हवी: रोवणी सरल्यावर गावातच काम आणि ठरल्या मुदतीत मजुरी. धान खरेदीचे पैसे आठवड्यात खात्यावर पडावेत. पुढच्या कोणत्याही प्रकल्पात पाणी अडवण्याआधी पुनर्वसन पुरे व्हावे, आणि जलाशयातल्या मासेमारीवर पहिला हक्क नदीवर जगणाऱ्या विस्थापित ढिवर कुटुंबांचा असावा. रेशन तर चालूच राहिले पाहिजे, डाळ आणि तेलाची भर घालून.